झोपल्यावर काढते म्हणे!

(पत्र पाच पानी होतं. कामापुरतं छापते आहे.)

मावशी, नमस्कार.

मी २० वर्षांची आहे. घर सेलूला, शिकायला संभाजीनगरला, चित्रकलेच्या दुसऱ्या वर्षाला. अण्णा मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी आहेत, काट्यावर माल मोजतात. आई घरी ब्लाउज शिवते. इंटरमिजिएटला ए ग्रेड आली तेव्हा अण्णांनी पेढे वाटले होते. पण मी याच लायनीला जाणार म्हटल्यावर घरात तीन दिवस कुणी नीट जेवलं नाही. चुलतभाऊ पोलीस भरतीत लागला तेव्हापासून तर रोजचंच झालंय. 'रंगाच्या डबड्याला कोण पगार देतंय?' हे मी वर्षभरात शंभरदा ऐकलं असेल.

रूमवर वेगळीच तऱ्हा. माझी पार्टनर एमपीएससी करते, ती मला मेंटल म्हणते. कारण पॅसेंजरनं येता-जाता जिथं गाडी जास्त वेळ थांबते तिथली चिमूटभर माती मी इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत भरून आणते. करमाड, बदनापूर, जालना, रांजणी, परतूर, सातोना, अशा अकरा बाटल्या झाल्यात. त्यांचे रंग करायचेत, अजून केले नाहीत. दुसरं, चित्र काढताना मी गाणी लावत नाही, मोंढ्यातल्या हर्राशीचं, लिलावाचं, रेकॉर्डिंग लावते. त्यात अण्णांचाही आवाज आहे, पण मी ते लयीसाठी ऐकते. आणि तिसरं म्हणजे जनरल डब्यात झोपलेली माणसं काढते. वह्या भरून काढलीत, मोजून ७४०. कॉलेजच्या सहलीत अजिंठ्याला सगळे पद्मपाणीच्या प्रसिद्ध चित्रापुढं बसले, मी २६ नंबरच्या लेण्यात महापरिनिर्वाणाचा बुद्ध काढला. सरांनी कौतुक केलं.

घरी मात्र कुणाला कशात रस नाही. (मागच्या दिवाळीत एकदा अण्णा म्हणाले होते, 'माझं बी एखांदं काढ की.' मी म्हटलं, तुम्ही लई हलता, झोपल्यावर काढते. ते हसले, विषय संपला.)

ज्या घरात कुणी समजून घेत नाही तिथं जायचं कशाला? या दिवाळीत घरी जायचं नाही असं ठरवतेय. बरोबर आहे ना? आणि माझे छंद खरंच विचित्र आहेत का?

— कुणालाच न समजलेली

*

अगं न समजलेल्या बाई,

इतकी वर्षं लोकांची पत्रं वाचून मला एक खोड लागली आहे. पत्र हातात आलं की मी आधी कंस वाचते. माणूस मोठ्या अक्षरात जे लिहितो ते त्यानं शेजारणीला, मैत्रिणीला, रिक्षावाल्याला सांगून झालेलं असतं, घासून गुळगुळीत झालेलं असतं. कंसात मात्र जे नको नको म्हणताना हातून निसटलं ते असतं. सासूवर चार पानं लिहिणाऱ्या बाईचा नवरा मला नेहमी कंसात सापडतो.

तुझ्या पाच पानांत कंस एकच आहे, आणि त्यात तुझा बाप बसलाय.

घरात कुणाला रस नाही, असं तू लिहिलंस आणि त्याच्या पुढच्याच ओळीत एक माणूस येऊन तुला म्हणतो, 'माझं बी एखांदं काढ की.' चित्रं काढणाऱ्या पोरीला याहून जास्त रस कसा दाखवतात, हे मला एकदा समजावून सांग. तुझ्या वहीपुढं उभं राहून त्यांनी समीक्षा करायला हवी होती का?

त्या वाक्याकडं जरा नीट बघ. चित्रकार आहेस ना, बघायला बसलेली आहेस तू. 'माझं बी.' हा 'बी' कुठून आला? 'माझं काढ' म्हणाले असते तर गोष्ट वेगळी. 'बी' म्हणजे बाकीच्यांची काढलेली त्यांनी पाहिलीत. तुझ्या माघारी वही उघडून पाहिली असेल, नाहीतर तू जेवायला बसलीस तेव्हा. परतूरला चढलेला कुणी म्हातारा, खंडपीठातल्या तारखेला निघालेला कुणी शेतकरी, मांडीवर लेकरू घेऊन तोंड उघडं टाकून झोपलेली कुणी बाई, सगळी पाहिली आणि त्या गर्दीत स्वतः कुठं नाही हेही पाहिलं. मग 'एखांदं'. अख्खं, मोठं, फ्रेम करून नकोय त्यांना, उरल्यासुरल्यातलं एखादं चालेल. आणि शेवटी तो 'की'. आपल्या भागातल्या बाप्यांना लेकीपुढं काही मागायचं झालं की असाच 'की' लावून मागतात. नाही म्हटलं तर चेष्टा केली होती असं म्हणून मागं फिरता येतं. अण्णा फिरलेच की नाही मागं? 'ते हसले, विषय संपला.' विषय कुणाचा संपला, तुझा का त्यांचा?

आता तुझं उत्तर घेऊ. तुम्ही लई हलता!

पॅसेंजरचा जनरल डबा, जिथं चहाचा कप तोंडापाशी नेईस्तोवर निम्मा सांडतो. दाराशी उभे असलेले पायावर पाय देतात, वरच्या फळीवरून कुणाची तरी पिशवी डोक्यात पडते. तिथं बसून तू ७४० माणसं काढलीस. आणि घरात, जमिनीवर, भिंतीला टेकून बसलेला बाप हलतो म्हणून तुझ्याच्यानं चित्र निघत नाही. हे सरांना सांग, मला सांगू नकोस.

हलण्याचा प्रश्न नाहीच. जागा माणूस उलटून बघतो, तुझी अडचण ती आहे. झोपलेला माणूस 'नाक असं आहे व्हय माझं?' विचारत नाही. पगाराचं विचारत नाही. आपल्याकडं बघणारी पोर किती वाळली आहे, डोळ्यांखाली काळं का आलंय, हेही त्याला दिसत नाही. तू त्याला पोटभर बघून घेतेस आणि पुढच्या स्टेशनवर उतरून जातेस. वर्गातल्या मॉडेलचंही तेच, त्याला तर समोरच्या भिंतीवरचा एक ठिपका दाखवून बसवलेलं असतं. तुझ्या दोन वर्षांच्या कामात तुझ्याकडं बघणारा एकही डोळा नाही, आणि तक्रार अशी की मला कुणी बघत नाही.

अजिंठ्यातसुद्धा तुला झोपलेलाच सापडावा, याला काय म्हणावं? तो सात मीटर लांबीचा बुद्ध मीही पाहिलाय, त्याच्या उशाकडून पायाकडं चालत जायला किती पावलं लागतात तेही मोजलंय. पण त्याच्या खाली ओळीनं बसलेली माणसं पाहिलीस का? शोकात बुडालेली ती माणसं आकारानं छोटी आहेत, पण शिल्पकाराचा खरा घाम तिथंच गळालाय असं मला दर वेळी वाटतं. तू त्यांच्यावरून नजर उचलून थेट मिटलेल्या डोळ्यांकडं गेली असणार.

पुढच्या खेपेला १७ नंबरमध्ये जा. आत, गाभाऱ्याच्या अलीकडच्या भिंतीवर एक भलामोठा बुद्ध उभा आहे, हातात भिक्षापात्र. त्याच्या पुढं इवलीशी बाई आणि तिच्या हाताशी लेकरू. यशोधरा आणि राहुल म्हणून ती ओळखली जातात. घर सोडून गेलेला बाप दारात भिक्षेला आलाय, आणि कथा अशी आहे की आई पोराला म्हणते, जा, त्याच्याकडं तुझा वारसा माग. पोरगं मान वर करून बापाकडं बघतंय. बापाची नजर खाली, त्यांच्याकडं. १५०० वर्षांपूर्वीचा चित्रकार, दिव्याच्या नाहीतर परावर्तित उन्हाच्या उजेडात उभा राहून, दोन नजरा एकमेकींना भिडवत बसला होता. तुमच्या घरी मागणारा बाप आहे आणि उंचावर उभी तू आहेस, एवढाच फरक.

मला स्वतःला हे बघून घेणं काय असतं ते फार उशिरा कळलं. काही वर्षांपूर्वी नांदेडला बचत गटांच्या मेळाव्यात गेले होते. पापड-लोणच्याच्या ओळीच्या टोकाला एक पोरगा स्टूल टाकून शंभर रुपयांत माणसांची चित्रं काढत होता. पाय दुखत होते, स्टूल रिकामं दिसलं, म्हणून बसले. खोटं कशाला बोलू, चित्रासाठी नव्हतेच बसले. त्यानं दहा मिनिटं माझ्याकडं पाहिलं. कपाळाकडं, हनुवटीकडं, परत कपाळाकडं. माझा जीव वर-खाली व्हायला लागला. कारण मला इतकं निरखून कुणी पाहिलं होतं ते थेट बघायच्या कार्यक्रमात, आणि तेव्हा पोहे सांडतील या भीतीनं मीच मान वर केली नव्हती. मी अवघडून गप्प झाले तर पोरगा म्हणाला, 'काकू, बोलत राहा. गप्प बसलं की चेहरा बसून जातो.' मग मी त्याला माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं, सुनेचं सांगितलं, जे या स्तंभात कधी लिहिणार नाही तेही सांगितलं. चित्र माझ्यासारखं फारसं आलं नाही, नाक तर माझ्या धाकट्या बहिणीचं वाटतं. तरी ते माझ्या कपाटात आतल्या दाराला लावलेलं आहे.

तुझे अण्णा मापाडी. मोंढ्यात मापाड्याचं काय असतं ते तुला माझ्याहून जास्त माहीत. शेतकऱ्याची नजर काट्यावर, आडत्याची नजर काट्यावर, हमाल पोत्याखाली वाकलेला. दिवसभर सगळ्या मोंढ्याचे डोळे त्या माणसाच्या हातांवर खिळलेले असतात आणि तोंडाकडं बघायला कुणाला सवड नसते. घरी आल्यावर आईची मान मशीनवर. राहिलीस तू. तुला माणसांचे चेहरे बघायचं शिक्षण घ्यायला ज्यानं धाडलं, धुसफुसत का होईना, फी भरून धाडलं, त्याला तू सांगितलंस, तुम्ही आधी डोळे मिटा.

अण्णांची वकिली करायला मी बसलेली नाही. डबड्याचं ते वाक्य शंभरदा म्हणायची गरज नव्हती, आणि चुलतभावाच्या वर्दीचं कौतुक तुझ्या ताटाशी वाढायची तर मुळीच नव्हती. पण तू मला त्यांच्याबद्दल विचारलं नाहीस, घरी जाऊ का नको एवढंच विचारलंस. तर ऐक.

जा. आणि दिवाळीची वाट बघू नकोस. दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनची आवक सुरू झाली की अण्णांना घास गिळायला सवड नसते, तू जाशील आणि ते खरंच बसल्या जागी झोपतील, मग तुझं आयतंच फावेल. येत्या पंधरवड्यात ज्या दिवशी मोंढा बंद असेल त्याच्या आदल्या रात्री पोहोच. सकाळी चहा झाला की अण्णांना दारापाशी बसव, जिथं बाहेरचा उजेड एका गालावर पडेल तिथं. तू समोर बस. आणि काढ.

हलू नका म्हणायचं नाही. त्यांना बोलू दे. सोयाबीनचा भाव बोलतील, काट्यावरची भांडणं बोलतील, मधेच तुझ्या नोकरीवर येतील. येऊ दे, तू हात थांबवू नकोस, उत्तरही देऊ नकोस. त्या दिवशी तुझ्या तोंडून 'मला समजून घ्या' हे शब्द निघाले तर माझं सगळं सांगणं पाण्यात गेलं. ते तुझ्याकडं बघतील. बघितल्यावर तुला खाली कागदात तोंड घालावंसं वाटेल. घालायचं नाही. ज्या क्षणी त्यांचे डोळे तुझ्यावर असतील त्याच क्षणी त्यांचे डोळे काढायचेत.

पहिलं बिघडेल. ७४० झोपलेल्यांनी तुझ्या हाताला पापणी मिटवायची सवय लावली आहे, उघड्या डोळ्यांशी तो अडखळणारच. दुसरा कागद घे. दुपारपर्यंत तीन झाली तरी हरकत नाही, सुट्टीचं अण्णांना तरी दुसरं काय काम आहे. त्यातलं त्यांना जे आवडेल ते त्यांचं. खाली तारीख घाल, त्यांचं पूर्ण नाव घाल. मोबाइलवर फोटो काढून टाकायचा नाही, सरांना दाखवायला मागून न्यायचं नाही. ते पत्र्याच्या पेटीत ठेवतील, आडतीवर नेऊन चार जणांना दाखवतील, नाहीतर 'मी एवढा म्हातारा दिसतो काय' म्हणून वाद घालतील. घालू दे.

एक कडू बोलते आणि पुढं जाते. आपल्या गावांत बापाचं चित्र भिंतीवर कधी लागतं ते तुला माहीत आहे. घरात धड फोटो नसतो, म्हणून पोरं आधार कार्ड घेऊन स्टुडिओत पळतात. तिथं तो दचकलेला, चपटा चेहरा मोठा करतात, मागं निळं आभाळ लावतात, अंगात कोट घालतात. तेराव्याला ज्या कोटाकडं बघून बायका रडतात तो त्या माणसानं जन्मात घातलेला नसतो. तू घरात असताना तुझ्या घरी असं झालं तर मला पत्र लिहू नकोस.

आता तुझ्या छंदांचं. विचित्र वगैरे काही नाहीत, एमपीएससीवालीला तिचा अभ्यास करू दे. फक्त बाटल्यांवर गावाबरोबर तारीखही लिही, आणि त्या नुसत्या फळीवर मांडून ठेवायला आणल्यास का, ते स्वतःला विचार. अजिंठ्याच्या चित्रकारांनी पिवळा, तांबडा, हिरवा तिथल्याच माती-दगडांतून काढला, काळ्याला काजळी वापरली. लाजवर्दी निळा तेवढा लांबून, अफगाणिस्तानातून आला. तुझ्या फळीवर अकरा गावं आहेत, पण यादीत सेलू दिसलं नाही. घरची माती कशाला भरायची, असं वाटलं असेल. तर या खेपेला सेलूची भर. पाण्यात कालव, जाड वाळू खाली बसली की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून घे. ते रात्रभर निवळू दे. तळाला सायीसारखा जो थर राहील तो वाळवून डिंकाच्या पाण्यात खल. पण लक्षात ठेव, आपली काळी माती दिसते तितकी काळी उतरत नाही, करडी-तपकिरी उतरते. आणि जाड थर दिलास तर वाळताना शेतासारखीच भेगाळते. अण्णांच्या गालावर पातळ हात फिरव. भेगा त्यांच्या त्यांना आहेत तेवढ्या पुरे.

हर्राशीचं रेकॉर्डिंग तू लयीसाठी ऐकतेस म्हणे. बरं बाई, लयीसाठी. त्या दिवशी मात्र ते बंद ठेव, तो आवाज समोरच बसलेला असेल.

तिकीट आजच काढ. मराठवाडा एक्स्प्रेसला बसायला जागा मिळाली नाही तर फार उत्तम. वही काढायला हात मोकळा राहणार नाही आणि सेलू येईपर्यंत तुला डब्यातली जागी माणसं बघत उभं राहावं लागेल.

— मावशी